पैशाच्या बाबतीत तुम्ही असे का वागता?

पैशाबद्दल पोरांना सांगितलं जातं ते एवढंच: जपून वापरा, बचत करा, उधार घेऊ नका. तिन्ही गोष्टी बरोबर आहेत. पण एकाच घरातल्या थोरल्याच्या हातात रुपया टिकत नाही आणि धाकटी दहाची नोट मोडायलाही तयार नसते, हे कशामुळं, ते कुणी सांगत नाही. थोरला उधळ्या, धाकटी चिकट, असं म्हणून घरचे मोकळे होतात.

बचत कशी करावी, हे इथं सांगायचं नाही. पैसा समोर आला की आपल्या मनात काय होतं, ते तसंच का होतं आणि आपलं आपल्याला ते कसं ओळखता येईल, एवढंच बघायचं आहे. वाचणारे सांगली जिल्ह्यातले, आठवी ते बारावीच्या वयाचे धरलेत. बाकीच्यांनी आपापल्या गावांची नावं घालून वाचावं. माझं म्हणणं असं, की खिशात पहिली नोट येण्याच्या कितीतरी आधी पैशाशी वागायची आपली रीत बरीचशी ठरून गेलेली असते. घरात पैसा कसा येतो आणि आल्यावर त्याचं काय होतं, हे लहानपणापासून बघत बघत ती ठरते.

पैसा घरात कसा येतो

वडील कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला असतील, तर "पगार झाल्यावर बघू" या वाक्याला त्या घरात वजन असतं. पगाराची तारीख ठरलेली असते, त्यामुळं थांबलं तर बहुतेक वेळा मिळतं. मूल थांबायला शिकतं.

वाळवा-पलूसकडच्या ऊसवाल्या घरातलं गणित निराळं. आडसाली लागण केली तर ऊस तुटायला जवळजवळ दीड वर्ष जातं. ऊस कारखान्याला गेल्यावर १४ दिवसांत बिल द्यावं, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे, पण बिल हप्त्यांनी आणि लांबून आलेलं कुठल्या ऊसवाल्या घरानं बघितलेलं नाही? आलं की आधी सोसायटीचं कर्ज वळतं होतं, मग खताच्या दुकानाची उधारी, मग हातउसने. वर्षभर सायकलचा विषय काढला की "बिल येऊ दे" आणि बिल आल्यावर त्या चार-आठ दिवसांत सायकल, बहिणीचे कपडे, गोठ्यावरचे पत्रे, सगळं एकदम. नंतर पुन्हा हात आखडलेला. अशा घरातल्या पोराला कुणी न शिकवता एक गोष्ट कळते: पैसा आहे तोवर घेऊन टाका, नाहीतर तो दुसऱ्या कशाततरी जाणारच आहे. पुढं हाच पोरगा पुण्याला शिकायला जातो आणि महिन्याचे पैसे पहिल्या आठवड्यात संपवतो. त्याला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे, पण तो घरच्या हंगामाप्रमाणं वागत असतो. फक्त आता त्याचा हंगाम दर महिन्याला येतो.

तासगावच्या द्राक्षबागेत वाढलेल्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी. ऑक्टोबरची छाटणी, औषधांच्या फवारण्या, मजुरी, सगळा खर्च आधी. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये माल तयार होतो तेव्हा एक अवकाळी पाऊस पुरतो. मालाला दर चांगला लागला तरी पैसे हातात पडेपर्यंत जिवाला घोर, कारण माल उचलून पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. या मुलांना कुणी "पुढच्या महिन्यात देतो" म्हणालं की ती मान हलवतात, पण मनात ते पैसे मोजत नाहीत.

भाजीचा गाडा, रिक्षा, भडंगाचं दुकान, अशा रोजच्या गल्ल्यावर चालणाऱ्या घरात संध्याकाळी रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला येतो. वीस, पन्नास, शंभर, जे असेल ते. ही पद्धत १९२८ मध्ये उडुपीकडं सुरू झाली, पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेनं रोज दोन-दोन आणे गोळा करत. इथल्या मुलांना थेंबाथेंबाचा हिशेब पक्का येतो, पण एकरकमी पन्नास हजार समोर आले तर ती गडबडतात.

आणि विटा-खानापूर-आटपाडी. तिथल्या गलाईवाल्यांनी सोनं-चांदी गाळायची दुकानं देशभर टाकली. बाप कुठंतरी दूरच्या शहरातल्या सराफ बाजारात, आई-मुलं गावात. बाप यात्रेला किंवा दिवाळीला येतो, तेव्हा हात सैल असतो. मुलाला हवं ते मिळतं, पण बाप आठ दिवसांनी परत जातो. अशा घरात वाढलेल्यांपैकी काहीजण मोठेपणी कुणावर माया आहे हे दाखवायचं झालं की थेट खरेदीला निघतात. वेळ देणं त्यांना सुचतच नाही, कारण त्यांच्याकडं माया नेहमी पिशवीतूनच आली. हे मी वाईट म्हणून सांगत नाही. पण आपण मित्राच्या वाढदिवसाला ऐपतीबाहेरचं का देतो, हे ज्याला कळत नाही त्यानं एकदा या बाजूनं विचार करून बघावा.

तुमचं घर या पाचांपैकी एकात चपखल बसेलच असं नाही. आई शिक्षिका आणि वडिलांचा ऊस, अशी मिसळ आपल्याकडं भरपूर आहे. मग एकाच पोरात दोन सवयी भांडत असतात.

याला काही आधार आहे का?

आहे, आणि थोडा गमतीशीर आहे. १९४७ मध्ये अमेरिकेत जेरोम ब्रूनर आणि सेसिल गुडमन या दोघांनी दहा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. एका खोक्यावर प्रकाशाचा गोल पडायचा. बटण फिरवलं की तो लहान-मोठा व्हायचा. मुलांनी तो नाण्याएवढा करायचा. मुलांनी नाणी खऱ्यापेक्षा मोठी दाखवली आणि गरीब घरातल्या मुलांनी ती श्रीमंत घरातल्यांपेक्षा जास्त मोठी दाखवली. पुढं इतरांनी असेच प्रयोग केले तेव्हा निकाल दर वेळी इतके ठसठशीत आले नाहीत, म्हणून यावर फार इमले बांधू नयेत. पण ज्याची चणचण असते ते डोळ्यांत जास्त भरतं, ही गोष्ट कुणाला खोटी वाटेल?

दुसरा प्रयोग जास्त कामाचा. लहान मुलापुढं एक गोड वडी ठेवायची आणि सांगायचं, "मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील." १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी सुरू केलेली ही चाचणी. जी मुलं थांबली ती पुढं अभ्यासात वगैरे सरस निघाली, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं आणि संयमावरच्या भाषणांना आयतं उदाहरण मिळालं. २०१८ मध्ये ९०० हून जास्त मुलांची माहिती घेऊन ते पुन्हा तपासलं, तेव्हा तो संबंध बराच बारीक झाला. घरची परिस्थिती धरल्यावर तर थोडाच उरला.

त्याआधी, २०१३ च्या सुमारास, रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी त्यात एक साधी भर घातली होती. वडी ठेवायच्या आधी मोठ्या माणसानं मुलाला चांगले रंग आणून देतो असं सांगितलं. काही मुलांना रंग खरंच आणून दिले. काहींना येऊन सांगितलं, "सॉरी, नाहीत." मग वडीची चाचणी. ज्यांना शब्द पाळणारा माणूस भेटला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं ती ३ मिनिटं. मुलं तशीच, वडी तशीच.

आता हे सांगलीत आणून बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा तिसरी-चौथीत असलेल्या ज्या पोरांनी दुकानातला माल, गादीखालचे पैसे, कपाटातली कागदपत्रं पाण्यात गेलेली बघितली, त्यांना "साठवलंस तर पुढं उपयोगी पडेल" हे वाक्य कसं ऐकू येत असेल? किंवा ज्या आजीनं आयुष्यभराचे पैसे पतसंस्थेत ठेवले आणि ती बंद पडली, तिच्या घरातल्या नातवाला? अशा घरातून दोन्ही टोकांची मुलं निघतात: एक आलेला पैसा लगेच वापरून टाकणारी, दुसरी अंगठीसुद्धा न घालता लपवून ठेवणारी. वरवर उलट दिसतात, पण भीती एकच आहे.

घरात ऐकलेली वाक्यं

ब्रॅड क्लॉन्ट्झ नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. लोकांच्या डोक्यात पैशाविषयी बसलेल्या समजुतींचे त्यांनी ढोबळ चार गट केले. पैसा वाईट, त्याच्यापासून लांब बरं. पैसा आला की सगळं सुटेल. माणसाची किंमत त्याच्या पैशावरून. आणि चौथा, जपून राहावं, कुणाला कळू देऊ नये.

आपल्याकडं हे चारही स्वयंपाकघरात ऐकायला मिळतात. "पैसा आला की माणूस बदलतो." "चार पैसे असते तर ही वेळ आली असती का?" "लग्नात असं जेवण दिलं तर लोक काय म्हणतील?" आणि वडील आईला हळू आवाजात: "पोरांसमोर नको."

पहिली तीन तुम्हाला आठवतील. चौथं सगळ्यात खोल जातं, कारण त्यात काही सांगितलेलंच नसतं. मोठी माणसं मुलांना काळजी नको म्हणून गप्प राहतात, हेतू चांगलाच असतो. पण मुलांना दारामागून सूर ऐकू येतो, आकडा येत नाही. मग मूल स्वतःच आकडा ठरवतं आणि तो बहुधा खऱ्यापेक्षा भयानक असतो. कर्ज दोन लाखांचं असतं, मुलाच्या मनात घर विकायची वेळ आलेली असते. सहलीचे पैसे मागायचेच नाहीत, असं एखादी मुलगी स्वतःशी ठरवून टाकते आणि बाई विचारतात तेव्हा "मला गाडी लागते" म्हणते.

तुमच्या घरातली अशी तीन-चार वाक्यं लिहून काढा. खरं-खोटं ठरवायची घाई नको. नुसतं कुणाच्या तोंडची, ते समोर लिहा. बऱ्याचदा स्वतःचं ठाम मत म्हणून आपण जे मिरवतो ते आजोबांचं निघतं.

स्वतःला रंगेहाथ पकडणं

"तू पैशाच्या बाबतीत कसा आहेस?" असं विचारलं तर जवळजवळ सगळे म्हणतात, "तसा काटकसरी." हे उत्तर कामाचं नाही. वागणं बघावं लागतं आणि तेही लहान रकमेवर. मोठ्या रकमेला आपण शहाण्यासारखं वागतो, कारण तिथं सगळ्यांची नजर असते.

दोन आठवडे वहीत लिहा. पण नुसता खर्च लिहून काही कळत नाही. बरोबर कोण होतं आणि त्याआधी काय झालं होतं, हेही लिहायचं. समजा, अकरावीतल्या एका मुलाचं पान असं दिसलं:

सोमवार. वडापाव २०. एकटा.
बुधवार. कोल्ड कॉफी, चौघांची मिळून २४०, मीच दिले. सकाळी केमिस्ट्रीचे मार्क कळले.
गुरुवार. गेममधला ड्रेस ८०. रात्री साडेअकरा, आईच्या फोनवरून.
शुक्रवार. झेरॉक्स १२. सुट्टे नाहीत म्हणून दुकानदारानं चॉकलेट दिलं, वाद घातला.

या मुलाला विचारलं तर तो शुक्रवार सांगेल: "मी दोन रुपयेसुद्धा सोडत नाही." बुधवारचे २४० त्याच्या हिशेबातच नाहीत. ते पैसे कॉफीला गेलेच नाहीत. कमी मार्क पडल्यावर चारचौघांत मान वर ठेवायला गेले. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण पुढच्या युनिट टेस्टनंतर खिसा कुठं जाणार हे त्याला आता माहीत आहे.

बुधवारचा दोस्तांचा भाग समजून घेण्यासारखा आहे. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवायचा एक कॉम्प्युटर गेम वेगवेगळ्या वयाच्या लोकांना खेळायला दिला, कधी एकट्यानं, कधी मित्र बघत असताना. मित्र असताना १३ ते १६ वयाच्या मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. मोठ्या माणसांमध्ये फारसा फरक पडला नाही. मेंदूचा लगाम धरणारा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो आणि शाबासकीला भुलणारा भाग तुमच्या वयात जोरात असतो. म्हणून "मित्रांसोबत तू वाया जातोस" हे आईचं वाक्य अगदीच चुकीचं नाही, फक्त ती ते शिव्यांसारखं म्हणते.

गुरुवारी फोन आहे. नोट मोडताना पोटात जे किंचित कालवतं, ते स्कॅन करताना होत नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली. ज्यांना कार्डानं पैसे द्यायचे होते त्यांची बोली रोख देणाऱ्यांच्या साधारण दुप्पट गेली. आपल्याकडं यूपीआय २०१६ मध्ये आलं. तेव्हापासून भाजीवाल्या मावशींनाही आपण पैसे बघत नाही, आवाज ऐकतो: "वीस रुपये प्राप्त हुए." एक आठवडा फक्त रोखीनं चालवून बघा, कुठल्या खर्चाला हात थबकतो ते लगेच दिसेल.

वहीत आणखी एक खूण करा: पैसा आला कुठून. भाऊबीजेचे ५०० आणि सुट्टीत बेदाणा निवडायला जाऊन मिळवलेले ५०० यांचं बाजारात येणारं सामान एकच, तरी आपण पहिले सहज उडवतो आणि दुसरे मोडताना जीव तुटतो. मनातल्या मनात आपण वेगवेगळी खाती उघडलेली असतात. रिचर्ड थेलर यांनी यावर बरंच काम केलं आणि त्यांना २०१७ चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला. तुमची आजी गव्हाचे, औषधाचे आणि यात्रेचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत ठेवत असेल तर तिला हे आधीच माहीत होतं. फायदा असा, की ही खाती मुद्दाम बदलता येतात: भाऊबीजेचे पैसे आले त्याच दिवशी "कमावलेल्या" डब्यात टाकले की त्यांना तसेच जपायला लागतो.

घरच्यांना काय विचारायचं

"पप्पा, आपल्यावर कर्ज किती?" असं सुरुवातीलाच विचारलं तर उत्तर येईल, "तू अभ्यास कर." त्यांच्या जुन्या दिवसांकडून आत शिरलेलं बरं. जत तालुक्यातल्या एखाद्या घरात हे असं होईल:

"आप्पा, तुम्ही अकरावीला असताना खिशात किती असायचे?"

"कसले पैसे? एसटीचा पास असायचा. आणि आजीनं दिलेले दोन रुपये, तेबी अडीनडीला."

"कधी काही खाल्लं नाही बाहेर?"

"एकदा खाल्ली की भजी, मित्राच्या पैशानं. त्याचे परत करायला तीन आठवडे गेले. रोज समोर आला की मान खाली. तवापासून कुणाचं फुकट खायला नको वाटतं बघ."

मैत्रिणीनं पार्टी दिली म्हटल्यावर आप्पा का चिडतात, हे त्या मुलीला आज कळलं. तिचा आणि आप्पांचा वाद तीस वर्षांपूर्वीच्या भज्यांवरून चालला होता. आता ती ठरवू शकते, ही लाज आपण पुढं न्यायची की आप्पांकडंच ठेवायची. मैत्रिणींच्यात एकदा तू, एकदा मी असं चालत असेल, तर न्यायची गरज नाही, असं माझं मत.

थोडं कागदावरचं

आपला कल कळला की तो कुठं अडचणीत आणतो तेही कळतं, आणि तिथं काही नियम उपयोगी पडतात.

हरलेला पैसा जिंकलेल्यापेक्षा साधारण दुप्पट टोचतो, हे डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून पुढं आलं. त्यामुळं गेलेले वसूल करायला माणूस आणखी लावतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्यानं बंदी आली आहे, तरी "लिंक पाठवतो" म्हणणारे आहेतच. गेममधले कपडे-बंदुका विकत घेणं या बंदीत येत नाही, तिथं वहीच कामाची. यात कुणी खोल अडकलं असेल, मित्रांकडून लपून उसने घेत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात मदत करणारा, सरकारी फोन दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

१८ च्या आतल्या मुलानं केलेला करार १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार बंधनकारक धरला जात नाही. त्यामुळं कुणी तुमच्या सहीवर कर्ज किंवा हप्ते देऊ करत असेल तर तो एकतर कायदा जाणत नाही किंवा पुढं घरच्यांना गाठायचा त्याचा बेत आहे.

"पैसा हातात पडेपर्यंत आपला नाही" असं मानणाऱ्या घरातल्या मुलांना हे माहीत असावं: बँकेतल्या ठेवींना एका बँकेत एका माणसामागं ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकांनाही. पतसंस्था ही बँक नाही, तिथं हा विमा लागू होत नाही. दारात येणाऱ्या पिग्मीवाल्याला तो नेमका कुणाचा, हे विचारायला काहीच हरकत नाही.

आणि दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बचत खातं स्वतः उघडून स्वतः चालवता येतं; रिझर्व्ह बँकेनं हे नियम २०२५ मध्ये नव्यानं स्पष्ट केले. रकमेची मर्यादा आणि एटीएम कार्ड द्यायचं की नाही, हे प्रत्येक बँक आपलं आपण ठरवते. खात्यात असेल त्याहून जास्त मात्र काढता येत नाही. खातं उघडा, सहा महिने चालवा, मग पासबुक भरून आणा आणि ते वहीशेजारी ठेवून वाचा. जे खर्च पासबुकात आहेत पण वहीत लिहायचे राहिलेत, तिथून सुरुवात करा.